डेव्हलपर दिवसभर नक्की करतो तरी काय? शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा डोंबिवलीचा, बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला. त्याला जाणून घ्यायचंय की डेव्हलपर लोक रोज ऑफिसात जाऊन करतात काय, दिवसभर कोडच लिहितात का, आता एआय कोड लिहून देतंय तर या लाइनला काही अर्थ उरलाय का, आणि वडील म्हणतायत तसं बँकेच्या परीक्षांच्या मागे लागावं का.

मी २००६ पासून हे काम करतोय. आधी सीप्झ, मग काही वर्षं पवई, आता ऐरोली. राहायला पहिल्यापासून डोंबिवलीतच, त्यामुळे तुझा प्रश्न वाचून उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

पहिलंच सांगतो, कोड टाइप करणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. माझे आठ-नऊ तास धरले तर प्रत्यक्ष टायपिंग तास-दीड तास, कधी कधी आठवडाभर दहा ओळीसुद्धा नाही. बाकी सगळा वेळ जातो वाचण्यात आणि विचारण्यात. दुसऱ्याने पाच वर्षांपूर्वी लिहिलेला कोड वाचायचा, लॉग, म्हणजे प्रोग्राम चालताना आपोआप होणाऱ्या नोंदी, वाचायच्या, टिकेटमध्ये, म्हणजे आपल्याकडे आलेल्या तक्रारीत किंवा मागणीत, माणसाने काय लिहिलंय आणि त्याला खरं काय म्हणायचंय ते समजून घ्यायचं. कॉलेजात आपल्याला कोऱ्या पानावर प्रोग्राम लिहायला शिकवतात, पण नोकरीत कोरं पान मिळतच नाही रे, आधीच भरलेल्या वहीत एक ओळ अशी घालायची असते की आधीचा हिशोब बिघडणार नाही.

नुसतं असं बोलून कळणार नाही म्हणून एक किस्सा नीट सांगतो, जरा मोठा आहे पण शेवटपर्यंत वाच.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे दूध वितरणाचं एक सॉफ्टवेअर होतं. मुंबईत पहाटे टेम्पो डेपोला येतात, क्रेट उतरतात, डेपोवरचा क्लार्क टॅबवर एंट्री करतो की अमुक टेम्पो, इतके क्रेट. दिवसअखेर हेड ऑफिसला रिपोर्ट जातो. आधी याचा सर्व्हर त्यांच्याच ऑफिसात एका खोलीत होता, आम्ही तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या मशीनवर, हलवला. काम व्यवस्थित झालं, सगळे खूश. दोन महिन्यांनी एक टिकेट आलं, त्याचं टायटलच असं होतं: भांडुप डेपो, रिपोर्ट मिसमॅच, युजर एरर. म्हणजे टिकेट लिहिणाऱ्याने निकाल आधीच लावलेला, की डेपोवरचा माणूस चुकतोय.

झालं असं होतं की रोजच्या रिपोर्टमध्ये पाच-दहा क्रेट इकडेतिकडे होत होते, कधी जास्त कधी कमी, आणि फुटलेल्या पिशव्या, परत गेलेला माल वगैरे धरून सगळ्यांनी ते सोडून दिलं होतं. मग कोजागिरी आली. कोजागिरीला मुंबईत दुधाची मागणी कशी वाढते तुला माहितीये, घरोघरी मसाला दूध, सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम. त्या पहाटे जादा टेम्पो आले, आणि रिपोर्टमध्ये तो जादा माल दिसला आदल्या दिवशी! हेड ऑफिसने क्लार्ककडे खुलासा मागितला, कमी पडलेल्या क्रेटचे पैसे पगारातून कापू असंही कोणीतरी बोललं.

मी दोन दिवस कोड वाचला. काही सापडेना. तारीख काढायची ओळ बरोबर दिसत होती. टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतोय का ते तपासणारे छोटे प्रोग्राम, चालवल्या, सगळ्या पास. माझ्या लॅपटॉपवर रिपोर्ट काढला तर एकदम बरोबर. अशा वेळी मनात येतंच की खरंच तो माणूस चुकत असेल, आणि मी तसं लिहून टिकेट बंद केलं असतं तर मला कोणी काही बोललं नसतं. पण त्याची एक ओळ टिकेटमध्ये कॉपी केलेली होती, "माझ्या वहीत सगळं आहे, येऊन बघा." म्हटलं बघूया.

पहाटे तीनला लोकल नसते, बाइक काढली आणि भांडुपला गेलो. ते क्लार्क काका पन्नाशी ओलांडलेले, कानटोपी घातलेली, हातात लांब रजिस्टर. टॅब आला तरी त्यांनी वही बंद केली नव्हती. प्रत्येक टेम्पोची वेळ, क्रेट, ड्रायव्हरची सही, कुठे खाडाखोड असेल तर तिथे शेजारी स्वतःची सही. मी एक रिकामा क्रेट उलटा टाकून त्यावर बसलो, मांडीवर लॅपटॉप, आणि वही आणि डेटाबेस ओळीने ताडून बघायला लागलो. तीन दहाचा टेम्पो, रिपोर्टमध्ये आदल्या तारखेला. चार वीसचा, आदल्या तारखेला. पाच पंचवीसचा, तोही आदल्या तारखेला. पाच चाळीसचा टेम्पो मात्र बरोबर त्याच तारखेला. मागची पानं उलटली, प्रत्येक दिवशी हेच, साडेपाचच्या आधीचं सगळं आदल्या दिवसात, नंतरचं बरोबर. साडेपाच म्हटल्यावर माझ्या अंगावर काटा आला.

आपली भारतीय वेळ जागतिक वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. क्लाउडवरच्या सर्व्हरचं घड्याळ सहसा यूटीसीवर असतं. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा त्या मशीनवर रात्रीचे बारा वाजतात आणि तारीख बदलते, तोपर्यंत त्याच्यासाठी "काल"च चालू असतो. ऑफिसातल्या जुन्या सर्व्हरचं घड्याळ भारतीय वेळेवर होतं म्हणून इतकी वर्षं कधी प्रश्न आला नाही. ओळ तीच राहिली, ती ज्या मशीनवर चालत होती त्याचं घड्याळ बदललं. माझ्या लॅपटॉपवरही भारतीय वेळ, म्हणून तिथे सगळं बरोबर. आणि टेस्टमधला सगळा डेटा आम्ही सकाळी दहा-अकराच्या वेळा टाकून बनवलेला, कारण आम्ही तेव्हा ऑफिसात असतो. दुधाचा धंदा पहाटे चालतो हे आम्हाला माहीत होतं, पण टेस्ट लिहिताना आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. सर्व्हर हलवताना तो कोड मीच तपासला होता, ती चूक माझीसुद्धा आहे. रोज थोडाच फरक का पडायचा तेही आता कळलं असेल, आजची पहाट कालमध्ये जायची आणि उद्याची पहाट आजमध्ये यायची, दोन्ही साधारण सारख्या, त्यामुळे झाकलं जायचं. कोजागिरीने ते उघडं पाडलं.

(वेळ हा प्रकार दिसतो तेवढा सोपा नाही हे मुंबईकराला खरं तर माहीत असायला हवं. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये लागू झाली तरी मुंबईत "बॉम्बे टाइम" वेगळा चालायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तो १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन घड्याळं.)

दुरुस्ती किती होती? एक ओळ. तारीख काढायच्या आधी वेळ भारतीय वेळेत बदलून घ्यायची, बस. पण ती ओळ लिहायच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे दोन आठवडे हेच खरं काम होतं. कारण तारखेचं तेच लॉजिक अजून अकरा ठिकाणी सापडलं, मागच्या अडीच महिन्यांचे रिपोर्ट पुन्हा काढावे लागले, महिन्याच्या एक तारखेची पहाट मागच्या महिन्यात गेल्यामुळे स्टॉलवाल्यांचं कमिशन चुकलं होतं ते नव्याने मोजावं लागलं. आणि एक मेल लिहावा लागला, की डेपोच्या नोंदी पहिल्यापासून बरोबर होत्या, चूक सॉफ्टवेअरची होती. तो मेल मी फार काळजीपूर्वक लिहिला, "तांत्रिक कारणामुळे तफावत" असं मोघम नाही, काकांचं नाव घेऊन स्पष्ट लिहिलं. त्यांच्या पगाराचा प्रश्न होता. माझ्या मते त्या अख्ख्या प्रोजेक्टमधलं माझं सगळ्यात महत्त्वाचं टायपिंग म्हणजे तो मेल.

असे किस्से रोज होत नाहीत अर्थात. साधा दिवस कसा असतो तेही सांगतो.

सकाळी गाडीत बसायला मिळालं तर रात्रीत आलेले मेल आणि अलर्ट बघून घेतो, उभं राहायला लागलं तर फोन खिशातच बरा. ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर. ऑफिसला पोचलो की स्टँडअप, म्हणजे टीममधला प्रत्येक जण दोन मिनिटांत सांगतो काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. यातलं "कुठे अडलंय" हेच कामाचं, आणि नवीन मुलं नेमकं तेच लपवतात. तीन-तीन दिवस एकटेच झगडत बसतात, मग चौथ्या दिवशी कळतं की शेजारच्याला ते दहा मिनिटांत माहीत होतं. तू असं करू नकोस. तास-दीड तास स्वतः प्रयत्न कर, काय काय करून बघितलं ते लिहून ठेव, आणि मग विचार. असं लिहून विचारणाऱ्या मुलाचा कोणीही सिनियर कधी राग करत नाही.

मग टिकेटं. एखादं असतं की अमुक बटण दाबलं की पान अडकतं, एखादं नवीन फीचर. दुपारपर्यंत साधारण हेच. डबा एकत्र खाल्ला जातो आणि खरं सांगतो, निम्म्या गोष्टी तिथेच सुटतात, पोळी तोडता तोडता कोणीतरी म्हणतं अरे तो सर्व्हर तर आम्ही मागच्या महिन्यात बंद केला. दुपारनंतर कोड रिव्ह्यू. दुसऱ्याचा बदल तुझ्याकडे तपासायला येतो, तू तो वाचतोस, शंका लिहितोस, मग तो मुख्य कोडमध्ये जातो. गिट नावाचं टूल यासाठी सगळीकडे वापरतात, लिनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये बनवलेलं, ते आत्ताच नीट शिकून घे.

रिव्ह्यूमध्ये काय बघायचं असतं त्याचं एक उदाहरण. पेमेंटचं बटण. माणूस लोकलमध्ये उभा आहे, बटण दाबलं, तेवढ्यात नेटवर्क गेलं, गोल गोल फिरतंय, त्याने परत दाबलं. आता पैसे एकदा कापले जायला हवेत की दोनदा? उत्तर सगळ्यांना येतं, पण तसा कोड आपोआप होत नाही. प्रत्येक खरेदीला आधीच एक वेगळा नंबर द्यावा लागतो आणि सर्व्हरने बघावं लागतं की या नंबरचे पैसे आधी घेतलेत का, घेतले असतील तर जुनाच निकाल परत द्यायचा. लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते, तसं. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात, शब्द अवघड आहे, कल्पना अजिबात नाही. ऑफिसच्या वायफायवर बसून हे कधी सुचत नाही, विरार फास्टमध्ये दाराशी उभं राहिलेल्याला लगेच सुचतं. म्हणून मी नवीन मुलांना सांगतो, तुमचं ॲप गाडीत गर्दीच्या वेळी वापरून बघा.

रिलीज, म्हणजे नवीन बदल खऱ्या वापरणाऱ्यांपर्यंत पोचवणं, हा वेगळाच विषय. आमच्याकडे शुक्रवारी करत नाही, कारण काही बिघडलं तर शनिवार-रविवार माणसं मिळत नाहीत. आधी थोड्या लोकांना द्यायचं, बघायचं, मग सगळ्यांना, आणि मागे फिरायचा रस्ता आधीच तयार ठेवायचा. १९ जुलै २०२४ तुला आठवत असेल, क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले साधारण ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून बसले, आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एकदम सगळीकडे पाठवलं की असं होतं.

परदेशी क्लायंट असेल तर संध्याकाळी कॉल. न्यूयॉर्क आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा, म्हणजे त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. साडेसातचा कॉल साडेआठला संपतो आणि मग घरी पोचायला दहा. हे मी गोड करून सांगणार नाही, माझी मुलगी लहान असताना तिचं झोपायच्या आधीचं कितीतरी माझ्याकडून हुकलं. शिवाय ऑन-कॉल, आठवडाभर रात्री फोन उशाशी, दोन वाजता वाजला तर उठायचं. इंटरव्ह्यूमध्ये कामाच्या वेळा, ऑन-कॉल किती आठवड्यांनी येतो, नोटीस पिरियड किती, हे न लाजता विचार. आणि नोकरी देण्यासाठी आधी पैसे किंवा ओरिजिनल मार्कशीट मागणारा कोणीही असला तर तिथून उठून ये, अशा ठिकाणी आमच्या ओळखीतली दोन मुलं फसलीयत.

आता एआयचं. मी रोज वापरतो. साचेबद्ध कोड, टेस्टचा सांगाडा, न कळलेल्या एररचा अर्थ लावायला फार उपयोग होतो, टायपिंगचा वेळ खरंच कमी झालाय. पण वर सांगितलंच, टायपिंग आधीच थोडं होतं. आमच्याकडे एका ज्युनियरने एसएमएस पाठवायचा कोड एआयकडून लिहून घेतला, छान होता, मेसेज १६० अक्षरांत बसतोय का तेही तपासत होता. इंग्रजी मेसेज दीडशे अक्षरांचा, बसला. मग क्लायंट म्हणाला विद्यार्थ्याचं नाव मराठीत येऊ दे. नाव देवनागरीत आलं, आणि बिल वाढलं. कारण मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी अख्खा मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं मावणाऱ्या पद्धतीत, जातो, तिथे मर्यादा १६० नाही, ७० आहे, आणि तुकडे पडले तर एका तुकड्यात ६७ च. दीडशे अक्षरांचे तीन तुकडे, एका एसएमएसचे पैसे द्यायच्या जागी तीनचे. वर आपलं "श्री" दिसायला एक अक्षर, पण कॉम्प्युटरच्या मोजणीत चार, श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत १२ बाइट. टूलला विचारलं असतं तर त्याने हे सांगितलंही असतं, पण विचारायचं हे कोणाला तरी सुचायला हवं होतं. त्या मुलाला कोड वाचता येत नव्हता असं नाही, त्याने तो वाचलाच नव्हता. मला काळजी याचीच वाटते. पहिल्या दोन वर्षांत आम्ही जे ठेचा खाऊन शिकलो ते न शिकताच मुलं पुढे जातायत, आणि मग रात्री दोनला सिस्टम बंद पडते तेव्हा स्वतःच्याच नावाचा कोड त्यांना परका वाटतो. तू एआय जरूर वापर, पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ तुला दुसऱ्याला समजावून सांगता आली पाहिजे, नाही सांगता आली तर ती आत टाकू नकोस.

सुरुवातीच्या जागा आधीपेक्षा कमी निघतायत आणि ज्या आहेत तिथे अपेक्षा वाढल्यात, हे मला आजूबाजूला दिसतंय, ते लपवत नाही. म्हणून सर्टिफिकेटांचा ढीग करण्यापेक्षा एक खरी गोष्ट बनव. तुमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या असतील, ओळखीच्या क्लासची हजेरी असेल, एखाद्या काकूंच्या पोळीभाजी केंद्राच्या महिन्याच्या डब्यांचा हिशोब असेल. चार खऱ्या माणसांना वापरायला दे आणि मग बघ ते काय काय करतात त्याचं. कोणी मोबाइल नंबरच्या जागी नाव टाकेल, कोणी एकच पावती दोनदा काढेल, कोणी म्हणेल आमचा डबा पंधरा दिवस बंद होता ते कुठे लिहू. ते दुरुस्त करताना जे शिकशील ते कुठल्या कोर्समध्ये नाही. मी स्वतः इंटरव्ह्यू घेतो तेव्हा अशा प्रोजेक्टबद्दल अर्धा तास विचारतो, काय बिघडलं, कसं शोधलंस, आणि त्या अर्ध्या तासात बाकी सगळं कळतं. सोबत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, पक्कं कर, सगळे दुर्लक्ष करतात त्याकडे आणि रोज तेच लागतं. बहुतेक सर्व्हरवर असते त्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमवर लॉग शोधायला शीक. आणि एखाद्या मोठ्या ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या, प्रोजेक्टचा कोड रोज अर्धा तास नुसता वाच, सुरुवातीला काही कळणार नाही, महिन्याभराने रस्ते ओळखीचे वाटायला लागतात.

राहिला वडिलांचा मुद्दा. ते चुकीचं बोलत नाहीयेत, त्यांना तुझी काळजी आहे आणि बँकेतली नोकरी त्यांनी डोळ्यांनी बघितलीय, आपलं काम त्यांना दिसत नाही, स्क्रीनकडे बघत बसलेला माणूस दिसतो. परीक्षेचा फॉर्म भरायचा असेल तर भर. पण आधी एक रविवार त्यांना शेजारी बसव आणि तो पावत्यांचा प्रोग्राम त्यांच्याकडूनच चालवून घे. ते कुठे अडतात, कुठलं बटण त्यांना सापडत नाही ते वहीत लिहून घे, पुढच्या रविवारपर्यंत दुरुस्त कर, परत बसव. असं चार रविवार कर. तुला ते शोधत बसण्याचा कंटाळा आला तर परीक्षेचा अभ्यास मनापासून सुरू कर, त्यात काहीही कमीपणा नाही. पण रात्री जेवताना सुद्धा डोक्यात तेच फिरत असेल की बाबांना ते बटण का नाही दिसलं, तर मग मला परत लिही, बायोडेटा कसा करायचा ते बघू.